तारप्याला पाठ

“पाठ नको दावू, पोरी! तारप्याला पाठ नको दावू!”

हिरी लहान असताना तिचा बाप पांड्या असा ओरडायचा. भात कापून झालेलं असायचं. खळ्यावर पाड्यातली सगळी माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल धरायची आणि मधे हा बुटका माणूस गाल फुगवून तारपा वाजवायचा. दुधी भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानांचा तो तारपा त्याच्यापेक्षा लांब. सूर वळेल तसा गोल वळायचा. पुढे, मागे, बाजूला, पण तोंडं तारप्याकडेच. कुणाची पाठ फिरली की श्वास घेण्यापुरता तारपा ओठांवेगळा करून पांड्या गरजायचा. पुढे हिरीचा पोरगा सुकऱ्या पहिली पावलं टाकायला शिकला तोही त्याच गोलात. आज्यावर डोळे लावून उलट्या पावलांनी मागे सरकणं त्याला सरळ धावण्याआधी आलं.

नाच संपताना पांड्या एक लांब सूर ओढायचा, तारपा खाली ठेवायचा आणि आणखी एक वाक्य बोलायचा. ते ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. सुकऱ्यानं मात्र ते वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तोवर तो हिरीच्या खांद्यावर झोपून गेलेला असायचा. पांड्या गेला, तारपा घरात खुंटीला लागला, आणि ते वाक्य हिरीनं कुणाला सांगितलं नाही. पोरालाही नाही.

“ह्याला कोच बोलतात? ह्याला बैलबाजारात दावणीला कोण उभा नाय करणार!”

हा आवाज आजचा होता, हिरीच्या नणंदेच्या पोराचा, टेम्पोवाल्या मनिषचा. तळासरीहून झाईकडे जाणाऱ्या रस्त्याला फाटा फुटतो तिथे हिरीचा झावळ्यांचा मांडव आहे. सकाळी चहा, दुपारी ताडगोळे, मागच्या अंगाला कुडाच्या भिंतीचं घर. मांडवातल्या बाकावर मनिषनं पाण्याच्या मडक्याला टेकून फोन उभा केला होता. देशाच्या फुटबॉल संघाच्या नव्या कोचनं आज खेळाडूंची नावं जाहीर केली होती, आणि त्यात सुकऱ्याचं नाव नव्हतं.

“तीन गोलकीपर घेतलेत आणि स्ट्रायकर एक. गोल काय गोलकीपर मारणार?” मनिष म्हणाला.

“अरे, तीन गोलकीपर सगळेच घेतात. आधी शीक ने, मग बोल,” जतीनशेठ म्हणाला. डहाणूकडे त्याची चिकूची वाडी होती. मनिषच्या टेम्पोतून त्याचा माल जायचा. “कोच एकदम बराबर आहे. म्हातारे काढले, धावणारे घेतले. डिफेन्स वर चढवून खेळवतो.”

“वर चढवतो आणि मागं मैदान मोकळं. म्हशी बांधायला जागा केली काय?”

“तुला टेम्पोचा रिव्हर्स जमत नाही, तू डिफेन्स शिकवणार?”

“तुझे चिकू वाहतो जतीनशेठ, म्हणून तुझा कोच पण डोक्यावर वाहू काय?”

दौलतमामांनी शिट्टी फुंकली. शाळांच्या सामन्यांना ते पूर्वी पंच असायचे. आता सामने नव्हते, पण शिट्टी खिशात होती आणि भांडणं पुष्कळ होती. “दोघांना पिवळं कार्ड,” ते म्हणाले. “हिरी, मला एक ताडगोळा दे गं. कोवळा दे, दात मोजकेच राहिलेत.”

हिरीनं कोयत्याच्या एका घावात ताडफळाचं डोकं उडवलं. तिला फुटबॉल कधीच आवडला नव्हता. ज्या खेळानं पोर नेलं तो आवडणार कसा? पण तिच्या मांडवात त्याच्याशिवाय बोलणं नव्हतं. सुकऱ्या देशाच्या शिबिरात निवडला गेला तेव्हा ह्याच मनिषनं टेम्पोच्या मागच्या फळीवर त्याचा मोठा फोटो चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘तळासरीचा वाघ’. मामी, मामी करत पेढे वाटले होते.

“आख्ख्या तालुक्यातनं एक पोरगा तिथवर पोचला,” मनिष आता बाकावर मूठ आपटत होता. “एक! आणि ह्यानं त्याला काढला. आपला माणूस दिसला की ह्या लोकांच्या पोटात दुखतं.”

“पोटात नाही दुखत. डोळ्यांनी बघितलं त्यानं. तू पण बघ.” जतीनशेठनं फोन स्वतःकडे ओढला. “बघ ने, लाजतोस कशाला?”

हिरीनं तो व्हिडिओ पाहिला नव्हता, पण काय असणार ते मांडवातल्या बोलण्यावरून तिला माहीत होतं. गेल्या आठवड्यात परदेशी संघाशी मैत्रीचा सामना झाला होता. शेवटी शेवटी कोचनं सुकऱ्याला बचावाला मैदानात उतरवलं. समोरच्यांनी चेंडू उंच उडवला. चेंडू सुकऱ्याच्या डोक्यावरून जायला लागला, तसा तो चेंडूकडे तोंड करून मागे सरकू लागला. उलट्या पावलांनी, झरझर, डोळे चेंडूवर. त्यांचा पोरगा बाजूनं वाऱ्यासारखा निघून गेला आणि गोल झाला. सुकऱ्या अजून मागेच सरकत होता. कुणीतरी त्या चित्राखाली लाल खेकडा लावला होता. खेकडा नांग्या हलवत नाचत होता.

मांडवातले सगळे हसले. रस्त्यावरून जाणारा एक जण वाकून बघून हसला.

“खेकडा बरा रे,” दौलतमामा म्हणाले. “तो निदान आडवा जातो. हा सरळ उलटा!”

मनिष हसला नाही. त्याचं तोंड लाल झालं. ज्याच्यासाठी तो भांडत होता त्यानंच त्याला उघडं पाडलं होतं. “साला,” तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, “साला, वळला का नाय? वळून धावायला काय बापाची शपथ होती?”

बापाची नव्हे, आज्याची. हिरीच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. साखर आणते म्हणून ती घरात गेली.

घरात, तारप्याच्या खाली, सुकऱ्या पडला होता. तो पहाटेच्या गाडीनं आला होता आणि ते फाट्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. डोळे उघडे होते.

“झोप नाय लागली?”

“कुडाची भिंत हाय, आये. सगळं ऐकू येतं.”

“कुत्री भुंकतात. तो कोच पण तसलाच मेला.”

“कोच वाईट नाय.” सुकऱ्या उठून बसला. “यादी लावायच्या आधी त्यानं मला बाजूला बोलावलं. बोलला, तुझे पाय चांगले, नजर चांगली. पण चेंडू मागं गेला की वळायचं आणि पळायचं असतं. तू वळत नाहीस. क्लबात जा, वळायला शीक, मी परत बघायला येईन.”

“मग शीक की.”

“रोज करतो. होत नाय. पाठ फिरवायला गेलो की पाय आपोआप उलटे पडतात. वाटतं, आता कोणतरी ओरडणार.” तो वर टांगलेल्या तारप्याकडे बघत नव्हता. “आज क्लबला निघायचं होतं. मी नाय जाणार. मनिषला टेम्पोवर माणूस पायजे ना? मी बसेन.”

हिरी साखरेच्या डब्यात हात घालून उभी राहिली. तिला जे वाटलं त्याची तिलाच चीड आली. तिला बरं वाटलं होतं. पोरगा राहणार. संध्याकाळी टेम्पोवरून धुळीनं भरून येणार, भाकर मागणार, बाजूला झोपणार.

सुकऱ्याचा बाप वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. वळकटी खांद्यावर टाकून ह्याच रस्त्यानं गेला. सरळ, झपाझप, एकदाही न वळता. समुद्रानं नेला की दुसऱ्या कुणी ठेवून घेतला, कळलं नाही. हिरीला त्याचा चेहरा आता नीट आठवत नसे. पाठ आठवायची. सदऱ्यावर घामाचा ओला डाग आठवायचा. आणि खळ्यावर बाया म्हणायच्या ते आठवायचं:

*डोंगरी वाजं तारपा, खळी नाचं पाय,*
*सूर गेला पुढं गं, मागं राहिली माय.*

म्हणून सुकऱ्या पहिल्यांदा फुटबॉल अकादमीत निघाला आणि तिच्याकडे तोंड करून, उलटा चालत एसटीपर्यंत गेला, तेव्हा तिच्या जिवाला केवढा थंडावा वाटला होता! पायरीला त्याची टाच अडकली, तो पडता पडता वाचला, कंडक्टर खेकसला, आणि हिरी पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर दर वेळी तो तसाच गेला. वळ रे, असं ती कधी बोलली नाही. दोन शब्दांचं काम होतं. तिनं ते गिळलं, दर वेळी गिळलं.

बाहेर फळीवर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला.

मनिष टेम्पोमागे उभा राहून चावीनं सुकऱ्याचा फोटो सोलत होता. चिकट कागद सरळ निघत नव्हता. अर्धा गाल निघाला, एक डोळा राहिला. जतीनशेठ मांडवातूनच म्हणाला, “गरम पाणी मार, लवकर निघेल.”

हिरी दारात आली. तिच्यामागून सुकऱ्याही बाहेर आला.

दौलतमामांनी ताडगोळा तोंडात तसाच धरला. जतीनशेठनं फोन पालथा केला. मनिषच्या नखात कागदाचा तुकडा होता. लाज वाटली की तो आणखी चिडत असे. लहानपणापासून तसाच होता.

“या, या,” तो म्हणाला. “वाघ आले. सरळ आलास? मला वाटलं उलटा येशील. तुला तेवढंच जमतं.”

“मनिष,” सुकऱ्या म्हणाला, “मी खेळलो तेवढं—”

“कशाला खेळलास? आमचं नाक कापायला? डेपोत पोरं माझ्या टेम्पोवर खेकडा काढून ठेवतात. गुजरातच्या नाक्यावर लोक विचारतात, हाच काय तुमचा वाघ? तू तिकडं लपून बसलास. तोंड आमचं काळं झालं!”

“तोंड आधीच काळं होतं तुझं,” हिरी म्हणाली.

“मामी, तू मधे पडू नको. तू ह्याला पदराखाली ठेवलास, म्हणून हा असला झाला.”

सुकऱ्या मागे सरकला. मनिषकडे तोंड करून, डोळे त्याच्या डोळ्यांवरून न हलवता, एक पाऊल, मग आणखी एक. त्याची टाच उंबऱ्यावर आपटली. तोल गेला आणि त्यानं दाराची चौकट धरली.

जतीनशेठला हसू आवरलं नाही. मनिषही हसला, कडू, थुंकल्यासारखं.

हिरी हसली नाही. त्या टाचेचा आवाज तिला ओळखीचा होता. एसटीच्या पायरीवर ज्याच्यावर ती हसली होती तोच हा. एवढा मोठा झालेला, देशाच्या संघापर्यंत जाऊन आलेला पोरगा, शिव्या खाऊनसुद्धा पाठ फिरवून आत जाऊ शकत नव्हता. तारपा वाजायचा थांबून इतकी वर्षं झाली, आणि हा अजून गोलात उभा होता. गोल सोडा असं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एकटी ती होती.

तिनं कोयता ताडफळात खचकन रोवला. “उठा.”

“हिरीबाय, अजून चहा—” जतीनशेठ बोलू लागला.

“चहा सांडून दे. उठा बोलले ना. मांडव माझा हाय. मामा, ती शिट्टी पण उचला.”

“अगं, आम्ही काय केलं?” दौलतमामा कुरकुरले. “खेळावर बोलतो आम्ही.”

“त्याच्या तोंडावर बोललात, झालं. आता चाला.”

ते उठले, पण गेले नाहीत. रस्त्यापलीकडे टेम्पोच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि तिथून पुन्हा सुरू झाले. कोच, डिफेन्स, खेकडा.

झाईहून डहाणूला जाणारी एसटी वळणावर दिसली. हिरी घरात गेली आणि सुकऱ्याची बॅग उचलून आणली. ती पहाटेपासून न उघडलेली होती. तिनं ती त्याच्या खांद्याला अडकवली.

“आये, मी बोललो ना, नाय जाणार.”

“ऐकलं मी. गाडीला हात कर.”

“तिकडं गेलो तरी तेच होईल. माझ्याच्यानं होत नाय गं.”

हिरीनंच रस्त्यात जाऊन हात केला. एसटी धूळ उडवत मांडवाच्या पुढे जाऊन थांबली. सुकऱ्यानं आईकडे पाहिलं. वाद घालण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. सवयीनं त्यानं पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. तिच्याकडे तोंड करून तो एसटीकडे सरकू लागला.

“बघ, बघ! निघाला!” टेम्पोकडून आवाज आला. “अरे, पायरी बघ मागं!”

कंडक्टर दारातून ओरडला, “ओ, चढायचंय का नुसता नाच करायचाय?”

“थांब,” हिरी म्हणाली.

सुकऱ्या थांबला. दोघांच्यामध्ये ऊन होतं, आणि ताडफळांची टरफलं पडली होती. हिरीनं कोयत्याचा चिकट हात लुगड्याला पुसला. तिचा आवाज एरवी बारीक होता. आता तो निघाला तो जाडा निघाला, खळ्यावरचा.

“नाच संपला की आजा आणखी एक बोलायचा. तू झोपलेला असायचास. मी ऐकायचे. मी तुला सांगितलं नाय.”

“काय बोलायचा?”

एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. हिरीनं पोराच्या चेहऱ्याकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“तारपा खाली ठेवला, सुकऱ्या. फिरव पाठ. पळ!”