गाईंचा धोंडा

थोराने गाईच्या पुठ्ठ्यावर ओल्या टॉवेलचा फटका मारला.

"हो बाजूला, बये! आजच खाज सुटायची होती तुला?"

गाय ढिम्म हलली नाही. डोळे अर्धवट मिटून ती धोंड्याला खांदा घासत राहिली. खाली धक्क्यावर बोट लागली होती आणि तिच्यातून एल्स्पेथ म्युअर उतरणार होती. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या प्राचीन दगडांची नवी यादी करायला ती एडिंबरोहून निघाली होती, आणि मुक्काम थोराकडेच होता.

धोंडा पुरुषभर उंचीचा. थोराच्या चार खोल्यांच्या गेस्ट हाउसचं नावही त्याच्यावरूनच पडलं होतं. पाच हजार वर्षांचा म्हणून लोक त्याच्यासाठी येत, त्याला तळवे टेकून उभे राहत. गेल्या उन्हाळ्यात एका बेल्जियन बाईला तर रडू आवरलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती, की गाई अंग घासून कुंपण मोडत म्हणून थोराच्या सासऱ्याने बहात्तर वर्षांपूर्वी तो धोंडा तिथे रोवला होता. पुढे एक नकाशावाला आला आणि त्याला बघून इतका हरखला, की सासऱ्याला काही बोलवेना. पाहुण्याच्या आनंदावर विरजण कशाला घाला? त्याने मुकाट्याने पाहुण्याच्या कपात आणखी चहा ओतला. धोंडा नकाशात छापून आला आणि तेव्हापासून घरात एकच धोरण होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता मूठ उघडायची वेळ आली होती. यादीतून धोंडा गेला की नकाशातूनही जाणार, मग चार खोल्यांत झोपणार कोण? नवरा गेल्यापासून थोराचं घर त्या खोल्यांवरच चालत होतं.

एल्स्पेथ आली ती चहासुद्धा न घेता शेतात गेली. तिने धोंड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, गुडघ्यांवर बसून त्याचं बूड पाहिलं.

"खोदल्याशिवाय छातीठोक काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आणि खोदायला सध्या परवानगी नाही. याच्याबद्दल जुनं काही ठाऊक असलेलं कुणी आहे का इथे?"

नाही, असं थोरा म्हणणारच होती. पण फाटकावर कोपरं टेकून एरलेंड ड्रीवर केव्हाचा उभा होता. वय ऐंशी, बंद पडलेल्या जुन्या शाळेत तो पर्यटकांसाठी वसतिगृह चालवायचा. सहा वर्षांपूर्वी हा माणूस धक्क्यावर व्हॅन लावून थोराच्या पाहुण्यांना सांगत होता, की तिच्याकडे छप्पर गळतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आणि धोंडा रोवला त्या दिवशी आठ वर्षांचा एरलेंड तो ओढायची साखळी धरून उभा होता. हे जाणणारी बेटावर आता दोनच माणसं उरली होती.

"मला विचारा की," एरलेंड म्हणाला.

थोराला वाटलं, संपलं सगळं.

"हा धोंडा होय?" त्याने सावकाश टोपी मागे सारली. "माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी बजावलं होतं. म्हणे, त्याला हलवू नका, गाई आटतात."

एल्स्पेथने ते भराभरा लिहून घेतलं आणि ती टेप घेऊन मापं काढायला गेली. थोरा घरात गेली, चहा आणि बार्लीचे गरम बॅनक, म्हणजे तिकडच्या जाड भाकऱ्या, घेऊन आली आणि बशी फाटकाजवळच्या भिंतीच्या आडोशाला ठेवली.

"का वाचवलंत मला, एरलेंडकाका?"

"तुला कुठं वाचवलं, सूनबाई? तुझे पाहुणे माझ्याकडे आले तर सकाळी त्यांची अंडी कोण तळणार? गुडघे बघ माझे." त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. "आणि ते छपराचं बोललो होतो ना, ते चुकलं माझं."

"हे सांगायला सहा वर्षं लागली?"

"तू बोलत नव्हतीस. सांगू कुणाला?"

थोराला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने बशी त्याच्याकडे सरकवली.

एल्स्पेथ वही मिटत परत आली.

"धोंडा राहू दे यादीत. तळाला फक्त 'खोदकाम बाकी' असं लिहिते," ती म्हणाली. "आता उद्या या आजोबांच्या शाळेमागचं टेकाड. व्हायकिंग सरदाराची कबर आहे ना ती?"

एरलेंडला एकदम ठसका लागला. त्या टेकाडाखाली त्याच्या बापाची लंगडी घोडी पुरली होती. थोराच्या नवऱ्याने पोरवयात स्वतः तो खड्डा खणला होता आणि लग्नानंतर पोट धरून हसत तिला सांगितलं होतं.

"तुम्हाला काही माहिती?" एल्स्पेथने थोराला विचारलं.

एरलेंड बशीकडे बघत राहिला. थोराने शांतपणे एका बॅनकवर रुबार्बचा मुरांबा लावला आणि तो त्याच्या हातात दिला.

"मी पडले बाहेरून आलेली सून," ती म्हणाली. "पण एरलेंडकाका सांगतील ते डोळे मिटून लिहा. या बेटावर खोटं न बोलणारा तेवढा एकच माणूस उरलाय."