भिवा तांडेलाच्या मचव्यावरची कप्पी

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची एक कप्पी. माझ्याच चाकात एका माणसाची दोन बोटं गेली. त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

जयगडच्या गुणाजी सुतारानं मला १९२४ साली घडवलं आणि भिवा तांडेलाच्या मचव्यावर मागच्या बाजूला बसवलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. भिवा त्या शिडाच्या होडीतून रत्नागिरीला कौलं न्यायचा. शीड आवळायचा दोर माझ्यातून जाई. मी दोराची फक्त दिशा बदलायची. वाऱ्याचा सगळा जोर भिवाच्या हातांवर येई. तरी तो म्हणे, "गुणाजीची कप्पी म्हणजे सोनं!" त्या कौतुकात तो मला तेल द्यायचं मात्र विसरू लागला.

पाच वर्षांनी, एका दुपारी खाडीच्या तोंडाशी वारा एकाएकी फिरला. शीड धाडकन दुसऱ्या बाजूला गेलं. दोर सरसर सुटला, तो आवरायला भिवानं हात पुढे केला आणि दोरानं तो हात माझ्या चाकात ओढला. मला थांबायचं होतं, पण चाकाला कुठे मन असतं? भिवानं उजवा हात ओढून काढला, तेव्हा त्यावर तीनच बोटं उरली होती. माझी खाच लाल झाली होती.

मचवा किनाऱ्याला लागल्यावर त्याची बायको शकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही अवदसा आधी दर्यात टाका!"

"तिचा काय दोष गो?" भिवा म्हणाला. "हात मीच घातला."

हे ऐकून मला दुसरा धक्का बसला. शिव्या मी सोसल्या असत्या.

आता उजव्या हाताच्या तीन बोटांनी शीड आवरेना. मचवा दोन महिने वाळूत पडून राहिला. गुणाजीला घास गोड लागेना. मग त्यानं आणखी तीन कप्प्या घडवल्या. दोन शिडाच्या टोकाला, दोन खाली मागे, आणि दोर चौघींतून फिरवला. भिवानं ओढून पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "अरे, शीड हाय का पदर? पयल्याच्या पाव जोरात येतंय!"

पण समुद्रावर वेगळंच घडलं. जोराची झुळूक आली, शीड झटकन सैल सोडायला हवं होतं, आणि चार चाकांतून फिरलेला तो लांबलचक दोर सुटेचना! मचवा कलंडला, पाणी काठावरून आत आलं. भिवानं डाव्या हातानं कोयता मारून दोर तोडला, तेव्हा होडी सावरली. सोबत आलेला गुणाजी ओंजळीनं पाणी उपसत होता.

किनाऱ्यावर तो डोकं धरून बसला. "मी सुधारायला गेलो नि तुला बुडवत होतो."

शकूनं तुटलेला दोर उचलला. मला दर्यात टाकायला निघालेलीच ती! म्हणाली, "गुणाजीदादा, ओढायला सोपं झालं, पण सुटायलाही हवं ना? दोघी काढा. चाकं मोठी करा."

गुणाजीनं तिथेच दोन कप्प्या सोडवायला घेतल्या.

वर एक, खाली मी. दोघींना मोठी चाकं, पितळी आस, रोज खोबरेलाचं बोट. दोराचं एक टोक होडीला बांधलेलं, त्यामुळे अर्धा भार होडीनं उचलला, अर्धा हातानं. दोर आता दुप्पट ओढावा लागे, पण हात सोडला की झरझर पळे. तीन बोटांना तेवढं जमलं.

पुढे १९३४ साली भिवाचा खलाशी तापानं आजारी पडला आणि कौलं तर पोचवायची होती. शकूनं पदर खोचला नि दोर धरला. रत्नागिरीच्या बंदरात मचवा शिरला तेव्हा धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून पुढे आली. एक म्हातारा तांडेल कसाबसा म्हणाला, "भिवा, खलाशी मिळाला नाय काय रे?"

"मिळाली ना!" भिवा म्हणाला.

त्या महिन्यात चार तांडेल अशाच कप्प्या मागायला गुणाजीच्या दारात आले.

आज मी भिवाच्या पडवीत खुंटीला असते. मित्रांनो, एवढंच मागते: वस्तू घडवाल किंवा सुधाराल, तेव्हा ती धरणं सोपं आहे का, एवढंच पाहू नका. वेळ आली तर ती सोडताही येते ना, हे आधी स्वतःच्या हातानं करून बघा. आणि मगच ती दुसऱ्याच्या हाती द्या.