शंकेखोर सूक्ष्मदर्शक आणि प्रबंध नाकारणारी डेल्फिया

मित्रांनो, थांबा. आधी हात पुसा, मगच जवळ या. माझ्यावर आजवर कुणाकुणाची बोटं उमटली, ते माझं मलाच माहीत. मी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक. केंटकीच्या डोंगरातल्या एका विद्यापीठात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

ज्या कारागिरानं माझी भिंगं घासली, तो दर वेळी ती डोळ्याला लावायचा, 'हं' म्हणायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. त्याचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. तोच गुण माझ्यात उतरला. आणि माझं कामच तसं आहे ना! नवी मुलं हवेचा बुडबुडा बघतात आणि 'पेशी सापडली' म्हणून ओरडतात. एका बहाद्दरानं तर स्वतःच्याच पापणीचे केस बघून त्यांचं चित्र काढलं आणि खाली 'अज्ञात जंतू' असं लिहिलं. असल्या लोकांत राहून मी शंका घेऊ नको, तर काय करू?

एके काळी माझं फार कौतुक होतं. प्राध्यापक स्ट्रॉदर पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत आणि म्हणत, "अशी काच आता मिळत नाही." मग पडदा असलेली नवी यंत्रं आली आणि मला खिडकीकडे सरकवलं गेलं. उन्हानं माझा रंग उडाला. माझ्या डोक्यावर लोक टोप्या अडकवू लागले. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

अशा दिवसांत डेल्फिया कोम्ब्स आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. पदवीच्या वर्षांत तिनं आईचं आजारपण काढलं होतं. त्यात मार्क घसरले आणि मेडिकल कॉलेजांनी नकार कळवला. आता इथे जीवशास्त्राची पुढची पदवी चांगल्या मार्कांनी मिळवायची आणि पुन्हा अर्ज करायचा, असा तिचा बेत होता.

या पदवीला दोन वाटा आहेत. एका वाटेवर संशोधन करून प्रबंध लिहायचा. दुसरीवर प्रबंध नाही. जास्तीचे विषय शिकायचे आणि शेवटी तीन प्राध्यापकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. डेल्फियानं दुसरी वाट धरली. मी मनात म्हटलं, झालं! आली आणखी एक कामचुकार. हिला कष्ट नकोत, फक्त कागद हवा.

स्ट्रॉदर सरांनाही तसंच वाटलं. ओढ्यातल्या दगडांखाली पालीसारखे ओलसर सॅलमँडर राहतात, त्यांच्यावर सरांचं सगळं आयुष्य गेलं होतं. ते तिला म्हणाले, "माझ्याकडे प्रबंध कर. हात चांगला आहे तुझा. मेडिकलवाल्यांना संशोधन आवडतं."

"विचार करते, सर," ती म्हणाली.

मला सरांचाही संशय आला. त्यांचे गुडघे दुखत होते आणि थंड पाण्यात उतरायला त्यांना कुणीतरी हवंच होतं.

सर गेल्यावर वेंडेल तिच्याजवळ सरकला. हा सरांचा प्रबंधवाला विद्यार्थी, कायम घाईत असलेला.

"ऐक माझं, हो म्हणू नकोस," तो म्हणाला. "मला मागच्या वर्षी मेडिकलची जागा मिळाली होती. पदवी पूर्ण करून या, एवढीच अट होती. सर म्हणाले, अजून एकच हंगाम माहिती गोळा करू. त्या हंगामात ओढाच आटला. प्रबंध राहिला आणि जागा दुसऱ्याला गेली."

"मग तू सरांना 'नाही' का म्हटलं नाहीस?"

"गोड बोलतात गं ते! आणि खरं सांगू? मलाही त्या प्राण्यांचा लळा लागला होता."

हा खरं बोलतोय की आपल्या आळसावर पांघरूण घालतोय, हे मला कळेना. डेल्फियाला मात्र ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना नम्रपणे नकार दिला. सरांचा चेहरा पडला. तेव्हापासून ते तिला "आमच्या घाईवाल्या बाई" म्हणू लागले.

घरूनही तेच. एकदा तिचे वडील एस्टिल तिला न्यायला आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते माझ्याकडे बिचकत बघत होते.

"म्हणजे दोन वर्षं शिकून पुस्तक-बिस्तक काहीच लिहायचं नाही?" त्यांनी विचारलं. "चर्चमध्ये लोक विचारतात गं, पोरगी नक्की करते काय?"

"त्यांना सांगा, पोरगी पाठ करते. रक्त, कातडं, आतडी, सगळं."

"असलं चर्चमध्ये सांगू? जेवणाआधी?"

दोघंही हसली. पण जाताना एस्टिल थांबले आणि म्हणाले, "हे बघ बाई, आपल्या गावात डॉक्टर नाही, म्हणून मी गप्प आहे. या वेळी तुझा बेत फसू देऊ नको."

आता मी तिच्यावर पाळतच ठेवली. नवी यंत्रं नेहमी कुणीतरी अडवून बसलेलं, म्हणून ती माझ्याकडे येई. एकच स्लाइड ती पुन्हा पुन्हा बघायची, आधी वहीत काढायची आणि मग पुस्तक उघडायची. मला वाटे, हे सगळं दिखाऊ आहे. दुसऱ्या वर्षी एका मेडिकल कॉलेजनं तिला जागा दिली, पण वेंडेलला घातली होती तीच अट घालून. म्हणजे तोंडी परीक्षेत नापास, तर ही जागाही गेली.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाकीच्या दोन प्राध्यापकांचे प्रश्न नीट पार पडले. मग स्ट्रॉदर सर उठले आणि त्यांनी माझ्यावर रक्ताची एक स्लाइड ठेवली.

"बघ आणि सांग, या माणसाला कुठला आजार आहे?"

मित्रांनो, मला दरदरून घाम फुटायचा तेवढा बाकी होता. सकाळीच वेंडेलनं घाईघाईत माझ्यावर आपलं काम उरकलं होतं. तेलाचा थेंब फक्त माझ्या सर्वांत मोठ्या भिंगासाठी असतो. त्यानं तो त्याच्या शेजारच्या भिंगालाही फासला होता आणि न पुसताच निघून गेला होता. त्यावर धूळ बसलेली, आणि सरांनी नेमकं तेच भिंग स्लाइडवर फिरवलेलं. तिला काय दिसणार? रक्ताच्या गोल पेशी आणि त्यांवर बारीक काळपट ठिपके. थेट हिवतापाच्या जंतूंसारखे!

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. सांग म्हणजे सुटशील, मी मनात म्हणालो. ही आता हिवताप म्हणणार, याची मला खात्रीच होती.

तिनं स्लाइड किंचित सरकवली. पेशी सरकल्या, ठिपके जागच्या जागी राहिले.

"सर, मला भिंग पुसायचा कागद हवा."

"वेळ काढतेस?"

"नाही सर. काच घाण आहे. घाण काचेतून मी कुणाला आजारी ठरवणार नाही."

बाकीचे दोघे प्राध्यापक घड्याळाकडे बघू लागले. तिनं हलक्या हातानं माझं भिंग पुसलं, पुन्हा पुसलं आणि मगच डोळा लावला.

"या माणसाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मी आजार विचारला होता."

"हो सर. पण आजार नाहीच. त्याला घरी जाऊ द्या."

सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. मग स्वतः माझ्यावर वाकले. त्यांनी मुद्दामच निरोगी रक्त ठेवलं होतं. प्रबंध न लिहिणारी पोर घाबरून काहीतरी नाव ठोकून देईल, अशी त्यांची अटकळ होती. दोनदा बघून ते सरळ उभे राहिले.

"बरोबर आहे तिचं," ते पुटपुटले आणि तिच्या निकालावर सही करायला पेन शोधू लागले.

मी चुकलो असं मी म्हणणार नाही, माझा तो स्वभावच नाही. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. आमच्यासारख्यांना वापरून झालं की पुसून ठेवत जा. आणि कुणाबद्दल मनात संशय आला तर खुशाल घ्या, मीही घेतो. फक्त त्याच्यावर दिसणारा डाग त्याचाच आहे की आपल्याच भिंगावरचा, एवढं त्याला जरा हलवून बघा.