मोनिकाच्या ताटातलं अंडं

पाथर्डीजवळच्या त्या घरात दोन्ही सुना एकदमच गरोदर राहिल्या, पण अंडं मिळायचं एकीलाच. धाकट्या मोनिकाला! रोज एक उकडलेलं अंडं, वर मूठभर खजूर, आणि सासू झुंबरबाई समोर बसून खाऊ घालायच्या. का, तर आरोग्य उपकेंद्रात तिचं रक्त तपासलं आणि ते कमी निघालं.

थोरली सत्यशीला चुलीपुढं भाकरी थापता थापता नुसती जळत होती. सहावा महिना तिलाही होताच की! पण घरची रीत अशी, की थोरल्या सुनेनं सगळ्यांना वाढून शेवटी बसायचं. तोवर कालवण संपलेलं. मग चहात भाकरी कुस्करायची आणि उठायचं.

"आत्याबाई, मलाबी एखादं अंडं..." एकदा तिनं धीर करून म्हटलं.

"तुला गं कशाला? आंगानं चांगली भरलीयास की! ती बघ, नुसती काटकी."

उपकेंद्राच्या सिस्टर सत्यशीलाचंही रक्त तपासायला घरी आल्या होत्या. तेव्हा "धडधाकट बाईचं रक्त कशाला काढायचं?" म्हणून झुंबरबाईंनी त्यांना वाटेला लावलं. सत्यशीला तेव्हा मनातून फुशारलीसुद्धा होती. आता तेच भरलेलं अंग तिला वैरी वाटत होतं.

शेवटी एके दिवशी ती एकटीच उपकेंद्रावर गेली.

"पुष्पावती सिस्टर, एक काम करा. माझं रक्त मोनिकापरीस कमी लिवा."

"का गं?"

"तिचं अंडं बघवत न्हाई मला!"

सिस्टर खळखळून हसल्या. पण रक्त तपासलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा एकदा तपासलं.

"खोटं लिहायची गरजच नाही, बाई. हिमोग्लोबिन पाहिजे अकरा. मोनिकाचं आठ होतं, तुझं साडेसहा आहे! दम लागतो? माती खावीशी वाटते?"

सत्यशीलानं मान खाली घातली. भिंतीची पांढरी माती ती रोज चोरून खात होती.

सिस्टर तिच्यासोबत तडक घरी आल्या. "झुंबरबाई, अंग चहा-भाकरीनंही भरतं, रक्त त्यानं भरत नाही! बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं असतं, तर ही तुमच्या हाती लागली नसती. उद्याच हिला तालुक्याच्या दवाखान्यात न्या."

झुंबरबाईंनी सत्यशीलाला हाताला धरून खाली बसवलं. "आगं आई! मी नुसतं आंगच बघत राहिले."

मोनिका रडवेली झाली. "आक्का, मी रोज आधी जेवून उठत हुते. तुमी मागून काय खाता, कधी बघितलंच न्हाई."

सत्यशीलाला हुंदका फुटला. हिच्यावर आपण जळलो! त्या रात्री झुंबरबाईंनी दोघींना पहिल्या पंगतीला शेजारी बसवलं आणि स्वतः मागून जेवल्या.

तालुक्याला सत्यशीलाची रक्तवाढीची इंजेक्शनं झाली, महिना गेला. पुन्हा तपासणी झाली तेव्हा सत्यशीलानं आपला आकडा विचारायच्या आधी विचारलं, "मोनिकाचं किती आलं?"

"दहा."

"ब्येस झालं!" ती म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. तिचं स्वतःचंही साडेसहावरून नऊवर आलं होतं.

तर मंडळी, आपल्या घरातली गर्भारशी जाड दिसते की बारीक, यावर जाऊ नका. तिचं रक्त तपासून घ्या, आणि ती सगळ्यांच्या मागून काय खाते, तेही एकदा बघा!