पांढऱ्या स्कूटरने सावकाश यावं

तिने फोन उलटा करून ठेवला, तरी तो टेबलावर थरथरतच राहिला. अर्ध्या गावाला एकच प्रश्न पडला होता: गिरणीच्या चौकात पांढऱ्या स्कूटरवाल्यांनीच सावकाश का यायचं? बाकीच्यांनी काय मुसंडी मारायची?

सूचना तिच्याच यंत्रणेतून गेली होती. रस्त्यात अडकलेले लोक समाजमाध्यमांवर वैतागून जे लिहितात ते आपोआप गोळा करायचं, त्यातलं कामाचं वेचायचं आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवायचं, एवढंच तिचं काम. सांगायला सोपं, पण करताना नाकी नऊ आले होते. लोक कोंडीबद्दल कमी आणि एकमेकांच्या खानदानाबद्दल जास्त लिहीत. शेवटी तिने एक नियम घातला: जो रोज, नीट, शिवी न देता लिहितो, त्याचं न तपासता पुढे जाऊ द्यायचं. असा माणूस अख्ख्या गावात एकच निघाला. त्याने स्वतःचं नाव लावलं होतं ‘खिडकीवाला’.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कोण आहे हा महाभाग?"

"माहीत नाही, सर. पण आजवर एकदाही चुकलेला नाही."

"तो चुकत नाही आणि ताप माझ्या डोक्याला. काढून टाका त्याला. आत्ताच."

काढण्याआधी तिने त्याचं जुनं लिखाण उघडलं. एरवी ती कुणाचं एवढं वाचत नसे, तेवढं त्राणच उरत नसे. ‘गिरणीपाशी सिग्नल बंद, शाळेकडून वळावं.’ ‘पाइप फुटला आहे, डावीकडे घसरतं.’ ‘रस्ता मोकळा, पण ऊन डोळ्यांवर येईल.’ रोज संध्याकाळी, ती ऑफिसातून निघायच्या सुमारालाच. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी दोनच शब्द: ‘गाडी पोचली.’ कुठली गाडी, कुठे पोचली, काही पत्ता नाही. यंत्रणा ते निरर्थक म्हणून गाळून टाकत आली होती.

आजचा मजकूरही यंत्रणेने लांबला म्हणून कापला होता. पूर्ण असा होता: ‘गिरणीच्या चौकात खडी सांडली आहे. पांढऱ्या स्कूटरने सावकाश यावं. मागचा दिवा अजून दुरुस्त केलेला नाही.’

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्या पांढऱ्या स्कूटरच्या मागच्या दिव्यावरून सकाळीच चहाच्या वेळी बोलणं झालं होतं. बोलणं कसलं, बाबा बोलले आणि ती चपला घालून बाहेर पडली.

बाबांचा जन्म बस चालवण्यात गेला. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि आई गेल्यापासून दिवसभर ते गिरणीच्या चौकावरच्या खिडकीत बसून असत. फोन तिनेच घेऊन दिला होता. सुरुवातीला ते दर थोड्या वेळाने मेसेज करत. एकदा ती पुरती वैतागून घरी आली होती, तेव्हा बोलून गेली, "बाबा, दिवसभर लोकांचं वाचून वाचून डोळे जातात माझे. त्यात तुमचे मेसेज कधी वाचू?" त्यानंतर त्यांचा एकही मेसेज आला नाही. तिला हायसं वाटलं होतं, हे आठवून आता तिला लाज वाटली.

"काढलं?" साहेबांनी केबिनमधून विचारलं.

"काढते."

तिने खिडकीवाल्याला गावाच्या यादीतून काढलं. मग नवा नियम लिहिला: हा जे लिहील ते सगळं, न कापता, न गाळता, एकाच फोनवर. तिथे स्वतःचा नंबर घातला.

ती ऑफिसच्या फाटकाशी पोचली तेव्हा पर्समध्ये फोन थरथरला. ‘खडी अजून तशीच.’ ती सावकाश गेली.

घरी बाबा खिडकीतच होते.

"आलीस?"

एरवी ती नुसतं "हं" म्हणून आत जाई. आज पर्स खांद्यालाच ठेवून त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"केवढी खडी सांडलीये गिरणीपाशी."

"असेल." त्यांनी नजर बाहेरच ठेवली.

"मला सरळ मेसेज करायचा ना, बाबा."

बाबा थोडा वेळ गुडघा चोळत राहिले. आवाजात राग नव्हता.

"तूच म्हणालीस, लोकांचं वाचायचं असतं. म्हटलं, मग लोकांत जाऊन बसावं. कधीतरी वाचशील."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटाने काहीतरी टिपू लागले. पूर्वी शेवटच्या थांब्यावर पोचल्यावर ते डेपोला असंच कळवत, मगच त्यांची ड्यूटी संपे.

तिच्या पर्समधला फोन थरथरला. बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पोचली," ती म्हणाली. तिने फोन काढून पाहिलाही नव्हता.