चहाला गोडं, प्यायला खारं

मी एक जुनी हापशी आहे. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, एका गावाच्या पारापाशी उभी आहे. मित्रांनो, आधीच सांगते, मी रागात आहे.

मला बसवलं तेव्हा मोठ्या जमिनीच्या खुशालरावांनी नारळ फोडला. समोरच्या घरातल्या दुर्गाबाईनं हळदीकुंकू वाहिलं आणि पहिला घोट घेताच तोंड वाकडं केलं. पाणी खारं! डाळ शिजेना, चहात दूध फाटे. तरी सारं गाव माझ्याच दांड्याला लटकायचं.

तेव्हा खुशालरावही रांगेत असत. कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटत, "आमची लेकरं हे पानी पेतील काय?" साहेब धावत येत. मग खुशालरावांच्या घरी पाणी शुद्ध करणारी मशीन बसली आणि त्यांचा घसाच बसला. ज्यांचं ऐकतात त्यांना तहान उरली नाही. तहानलेल्यांचं ऐकतो कोण? कचेरीनं माझ्या अंगावर लाल रंगात लिहिलं, 'पाणी पिण्यास अयोग्य'. वाचून तहान भागत असती तर!

दुर्गाबाई मजुरीला जाते. तिच्याकडे विकतचा एक जार येतो, तोही पाहुण्यांच्या चहासाठी. पाहुण्यापुढे फाटलेला चहा ठेवला तर घराची लाज जाते ना! घरची माणसं माझंच पाणी पितात.

यंदा तिच्या पायांवर सूज चढली. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, किडन्या खराब होत चालल्या आहेत, खारं पाणी बंद करा. ती घरी आली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जार त्यांच्या चहात संपू लागला. म्हातारी औषधाची गोळी माझ्या पाण्यानं गिळायची. मला संताप यायचा.

एक दिवस खुशालराव आले. ओट्यावर बसून म्हणाले, "दुर्गाबाई, चांगलं पानी पेत जा. तब्येतीले जपा."

सून नीलम ताडकन उठली. माझा दांडा खाडखाड हापसून तिनं भांडं भरलं आणि थोड्या वेळानं चहा आणून ठेवला.

"हे काय? दूध फाटलं!"

"घ्या नं काकाजी. जारचं पानी आता फक्त आईसाठी हाये. हे तुमी नारळ फोडलेल्या हापशीचं."

"अवं नीलम, पाहुण्याले असं देतात काय?" दुर्गाबाई शरमून म्हणाली.

"पाहुण्यापुढं घराची लाज राखता राखता तुमचा जीव चालला, आई!"

खुशालराव कप तसाच ठेवून निघून गेले.

मित्रांनो, इतर वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणते, मला उपटून फेका. पण आधी प्रत्येक दारात गोडं पाणी आणा. आणि तोवर खुशालरावांना माझ्या रांगेत उभं करा. मग बघा, कचेरी कशी धावत येते.