सुलटा प

धोंडीचा जबडा दोन जागी मोडला होता. वरचे तीन दात गेले होते, डावा डोळा सुजून पार मिटला होता आणि कपाळावर भुवईच्या वर काळानिळा वळ उठला होता. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला, त्यामुळे धोंडीला तोंडातून शब्द काढता येत नव्हता. मग त्याच्या वतीने इतरच बोलू लागले. विचुंब्याच्या बांधकामावरचा जो तो एकच सांगत होता, "सळयांच्या ढिगावर पडला. प्यायला होता."

धोंडी कातकरवाडीचा, बांधकामावर बिगारी. शनिवारी सकाळी वाडीच्या पायवाटेवर भिंत घालायला जेसीबी आला तेव्हा तो वाटेत जाऊन बसला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कुणी बघितलं नव्हतं. बघायला तिथे वीस-पंचवीस माणसं होती.

रविवारी सकाळी बुधाजी घरत त्याला बघायला आला. वय एकाहत्तर. तळोज्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ओतकाम केलेला माणूस. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी पोरांना साचे करायला शिकवायचा. लहानग्यांना रेझिनच्या किल्लीच्या कड्या, जरा मोठ्यांना ॲल्युमिनियमचे भोवरे. धोंडीची अकरा वर्षांची दिपा त्या पोरांतली सर्वांत हुशार. ते बांधकाम बुधाजीच्या मुलाचं, बळीरामचं होतं, म्हणून खाटेजवळ उभं राहताना म्हातारा जरा अवघडलाच.

"आजोबा," दिपा हळूच म्हणाली, "बाबाच्या कपालावर प हाय."

"कसला प?"

"अक्षर. नीट बघा ना."

बुधाजीने चष्मा पुसला आणि वाकला. वळाच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढा, कातडीत दाबून काढल्यासारखा 'प' उमटला होता. उभी दांडी उजवीकडे, पोट डावीकडे.

"सलईवर प कुठून येल?" दिपा म्हणाली. "आनि सुलटा हाय. म्हंजे ज्यानं मारलं त्या वस्तूवर उलटा असनार. शिक्क्यावर असतो तसा. वस्तूवर उलटा म्हंजे साच्यात सुलटा. साच्यात सुलटं कोरायचं नाय, तुमीच सांगता ना? कोनीतरी चुकलंय, आजोबा."

'शाबास' हा शब्द सवयीने बुधाजीच्या ओठांवर आला. तो त्याने गिळला. 

ही चूक करणारं एक पोर त्याला माहीत होतं. त्याचाच नातू, बळीरामचा प्रांजल. नऊ वर्षांचा असताना त्याने भोवऱ्याच्या साच्यात स्वतःचा 'प' सुलटा कोरला, आणि भोवऱ्यावर तो उलटा आला. बुधाजी हसून म्हणाला होता, "अरे, तुझा प आरशातून चालत आलाय." तीनदा समजावलं, तीनदा पोराने तसाच कोरला. "माझा प आहे ना? मला वाचता येतो." आता प्रांजल तेवीस वर्षांचा होता आणि बापाचं बांधकाम तोच बघायचा.

बुधाजी शेडवर परतला तेव्हा सात-आठ पोरं वाट बघत बसली होती. त्यांना हाकलणं जिवावर आलं. त्याने भट्टी पेटवली, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले. धातू पातळ होईपर्यंत नेहमीसारखी चुकांची पेटी काढली.

ही पेटी म्हणजे त्याच्या वर्गाचा नियम होता. वापरलेला साचा टाकायचा नाही. त्यावर पेन्सिलीने नाव आणि तारीख घालून पेटीत ठेवायचा, म्हणजे काय बिघडलं ते पुढच्यांना दाखवता येतं. बहुतेक साचे समुद्रफेनाचे होते. समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड, उरणच्या किनाऱ्यावर फुकट मिळतं. नखाने कोरता येतं, आणि तरी वितळलेला धातू एकदा सोसतं. सोसतं आणि आतून करपतं, पण आकार सोडत नाही.

वरच एक मोठा साचा होता, दोन अर्धे रबराने बांधलेले. पाठीवर दिपाच्या अक्षरात मागच्या रविवारची तारीख. नावाची जागा कोरी. शेड झाडताना तिला कोपऱ्यात सापडला असणार. कुणाचा ते कळलं नाही, म्हणून न उघडता नियमाप्रमाणे पेटीत ठेवला.

बुधाजीने रबर काढलं.

आत चार बोटांची चार वेटोळी, तळहातात धरायचा दांडा, आणि वेटोळ्यांच्या माथ्यावर करपलेला काळा 'प'. सुलटा. फायटरचा साचा होता तो. बोटांत घालून माणसाचं तोंड फोडायचा फायटर.

"पोरांनो, आज सुट्टी," तो म्हणाला.

"पन आजोबा, धातू तापला ना!"

"सुट्टी म्हनलं ना. घरी जा. पलत नको, रस्त्यावर डंपर हायत."

पोरं गेली. त्याने साचा सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला आणि बाकड्यावर बसून राहिला. भट्टीचा पंखा घोंघावत होता. मुशीतला धातू आरशासारखा चकाकू लागला होता.

बाहेर बुलेट थांबली. प्रांजल आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"भट्टी चालू आहे ना आजा? वाटलंच, आज रविवार." त्याने पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रुमालातून पाणी निथळत होतं. "हे टाक आत. दोन मिनिटांचं काम आहे."

"काय हाय ते?"

"भंगार."

"भंगार पान्यात लपवतात?"

प्रांजल हसला. "साइटच्या पिंपात होतं. तू नको ना विचारत बसू."

"धोंडीला का मारलास?"

प्रांजलचं हसू गेलं. "जेसीबीसमोर आडवा झाला, आजा. म्हणतो, ही वाट माझ्या बापाची. सगळे बघत होते, हसत होते. मी एकच मारणार होतो."

"तीन मारलेस."

"तू मोजायला होतास?"

"आज मोजले. जबडा, डोला, कपाल."

"तो पडला. लिहून झालंय तसं. तू फक्त हे वितळव."

"फायटर गेला तरी साचा हाय माज्याकडं," बुधाजी म्हणाला. "आजून सुलटाच प कोरतोस तू."

हे बोलायला नको होतं, ते त्याला बोलता बोलताच कळलं. प्रांजलने दोन ढांगांत येऊन त्याची गचांडी धरली. "कुठाय?"  पहिला ठोसा बरगडीत बसला. बुधाजीचा श्वास तिथेच अडकला. दुसऱ्याने तोंडात रक्ताची चव आली. तो वाळूच्या पेटाऱ्यावर कोसळला, तिथून जमिनीवर. ज्याला त्याने खांद्यावर बसवून विचुंब्याची जत्रा दाखवली होती, तो त्याच्या पाठीत लाथा घालत होता.

"कुठाय साचा? बोल ना, थेरड्या!"

प्रांजलने चुकांची पेटी उचलून आपटली. साचे चौफेर उडाले. एकेका साच्यावर तो टाच देत गेला. पोरांचे मासे, कासवं, होड्या, नऊ वर्षांच्या प्रांजलचा भोवरा, सगळ्याचा पांढरा चुरा झाला. बुधाजी पालथा पडून राहिला. सदऱ्यातला साचा छातीखाली होता. तो चिरडू नये म्हणून त्याने कोपरांवर अंग तोलून धरलं होतं, आणि त्यामुळे प्रत्येक लाथ जास्तच लागत होती.

"राहू दे. साच्याचं मग बघतो. आधी हे संपवतो."

प्रांजल भट्टीकडे वळला. चिमट्याने झाकण बाजूला केलं. लाल उजेड त्याच्या तोंडावर आला. त्याने रुमाल सोडवला आणि फायटर मुशीवर धरला. फायटरच्या वेटोळ्यातून एक थेंब भट्टीच्या काठावर पडला.

चर्र.

चौतीस वर्षं कारखान्यात आणि पंधरा वर्षं पोरांपुढे बुधाजीने एकच गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली होती. ओलं काही मुशीजवळ आणायचं नाही. फायटरचं ओतकाम कच्चं होतं, अंगभर बारीक भोकं होती, आणि भोकाभोकांत रात्रभराचं पाणी मुरलेलं होतं.

"ओला हाय! प्रांजल, ओला हाय रे!"

तो कसा उठला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने मागून नातवाची कॉलर धरली आणि सगळा भार टाकून मागे ओढलं. पण फायटर हातातून सुटला होता.

मूस फुटली. डोक्यावरचा पत्रा तोफ डागल्यासारखा वाजला. वितळलेला धातू छपराला लागला आणि पाऊस होऊन खाली आला. प्रांजलच्या उजव्या हातावर बोटांपासून कोपरापर्यंत चांदीचा मोजा चढल्यासारखा दिसला. क्षणभर तो नुसता बघत राहिला. मग ओरडला. कापायला धरलेल्या जनावरासारखा ओरडला. करपल्या कातड्याचा वास शेडभर पसरला. कॉलर धरलेल्या बुधाजीच्या हातावरही थेंब पडले होते, आणि ते हाडापर्यंत उतरत होते.

बुधाजीने डाव्या हाताने गॅस बंद केला. प्रांजलला ओढत बाहेर नळावर नेलं.

"काढ ना हे! आजा, काढ!"

"ओढू नको. कातडी येल सोबत. पान्याखाली धर. धर म्हनतो ना."

"आजा, मला वाचव."

"वाचवतोच हाय."

पाणी वाहत होतं. प्रांजलचे दात वाजत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फायटर गेला, आजा. आता काहीच नाही ना राहिलं?"

 बुधाजीच्या छातीशी साचा अजून टोचत होता.

दवाखाना तोच, मजला तोच. प्रांजलला आत नेलं. बुधाजीचा उजवा हात पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवला. बळीराम धावत आला, बापाच्या तोंडावरचं रक्त बघून थबकला, पण विचारलं वेगळंच.

"बा, हवालदार आलेत. भट्टी फुटली एवढंच सांगायचं. पोराचा हात गेलाय बा. आनखी काय नको."

"हात जानार नाय. मी पान्याखाली धरला होता."

"बा, तुज्या पाया पडतो."

हवालदार वही उघडून समोर बसले. "बोला बाबा. काय झालं?"

बुधाजीने डावा हात सदऱ्यात घातला. साच्याचा एक कोपरा मोडला होता, बाकी शाबूत होता. त्याने तो वहीवर ठेवला आणि दोन अर्धे उघडले. हवालदारांना चार वेटोळी ओळखायला वेळ लागला नाही.

"फायटर? कोणाचा?"

बळीरामने बापाचा दंड धरला. पकड घट्ट होती. बुधाजीने साचा उलटा केला. पाठीवर तारीख होती आणि तारखेआधी कोरी जागा. त्याने हवालदारांच्या हातातलं पेन मागून घेतलं. डाव्या हाताने लिहायची सवय नव्हती. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली, पण त्याने एकेक पुरं केलं. प्रांजल बळीराम घरत.

बळीरामची पकड सुटली.

"आता त्या टोकाच्या खाटेवरचा मानूस बघून या, साहेब," बुधाजी म्हणाला. "त्याचं कपाल बघा आनि फोटो काढा. आजच काढा. दोन दिवसांत वल उतरून जाल."

व्हरांड्याच्या टोकाला दिपा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि हवालदारांसमोर उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "मी दाखवते."